पहिली पंगत मातीची



बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण करणाऱ्याला माणसाच्या नशिबाविषयी बोलायचे होते हे उघडच आहे. खऱ्याखुऱ्या उकिरड्याविषयी बोलायचे असते तर त्याने बारा वर्षे म्हटले नसते. नीट रचलेल्या उकिरड्याचे दैव चार महिन्यांत उघडते. आणि कसाही पसरलेला, उन्हापावसात पडून राहिलेला उकिरडा बारा वर्षांनीही उघडत नाही. कारण तोवर त्यातला कस काही उन्हाने उडालेला असतो, काही पावसाने वाहून गेलेला असतो. हा फरक कशाने पडतो, तेवढेच आज पाहायचे आहे.

समजा, बांधाला बांध लागून दोन शेते आहेत. जमीन सारखी, बियाणे एकाच पिशवीतले, पेरणी एकाच वाफशावर. दोघांनीही एकरी पाच पाच गाड्या खत टाकले. महिन्याभराने पाहावे तो एकाची ज्वारी काळीभोर आणि दुसऱ्याची पिवळट, खुरटलेली. खालची पाने तर आधीच वाळायला लागलेली. दुसरा म्हणतो, "खत घातलंच नसतं तर बरं झालं असतं!" लोक हसतात. पण त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. खत घालूनसुद्धा पीक उपाशी राहू शकते. ते कसे, हे समजायला खत नेमके कोण खाते, हे आधी समजले पाहिजे.

पीक शेणखत खात नाही. मुळाला दात नाहीत की पोट नाही. मातीतल्या पाण्यात जे विरघळलेले असेल तेच ते शोषून घेते. नत्र घ्यायचे तर ते मुख्यतः नायट्रेटच्या किंवा अमोनियमच्या रूपात, आणि स्फुरद घ्यायचे तर ते फॉस्फेटच्या रूपात. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात सरासरी पाच किलो नत्र, दोन किलो स्फुरद आणि पाच किलो पालाश असते. पण यातले बहुतेक नत्र सुटे नसते. शेणाच्या आणि काडीकचऱ्याच्या कणाकणांत ते गुंफलेले असते. कणगी भरलेली आहे, पण तिचे तोंड लिंपलेले आहे, असा हा प्रकार. ते तोंड फोडण्याचे काम मातीतले सूक्ष्म जीव करतात.

हे सूक्ष्म जीव म्हणजे जिवाणू, बुरशा, आणि बुरशीसारखे धागे सोडून वाढणारा ॲक्टिनोमायसीट नावाचा जिवाणूंचाच एक गट. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण चिमूटभर सुपीक मातीत त्यांची संख्या कोटींनी मोजावी लागते. उकिरड्यात हात घातला की चटका बसतो ना? ती ऊब त्यांच्याच जेवणाची. ढीग चांगला पेटला, म्हणजे कुजण्याच्या भरात आला, की आतले तापमान साठ अंशांच्या वर जाते आणि तणांचे बरेचसे बी त्यातच मरते.

मातीत हे काम सजीव करतात, ही गोष्ट लोकांना फार पूर्वी ठाऊक नव्हती. अमोनियाचे नायट्रेट होते ते केवळ हवेच्या आणि मातीच्या रासायनिक क्रियेने, असे मानीत असत. १८७७ साली श्लोझिंग आणि म्यूंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक साधाच प्रयोग केला. एका लांब नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी थेंबथेंब जाऊ दिले. वीस दिवस काहीच झाले नाही. वरून अमोनिया गेला, खालून अमोनियाच आला. नंतर मात्र नायट्रेट दिसू लागले आणि हळूहळू सगळा अमोनिया नायट्रेट होऊन येऊ लागला. ही जर नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी नको होती का व्हायला? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. वाफ काढून घेतली तरी ती पुन्हा सुरू होईना. शेवटी थोडी ताजी माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत घातले, आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागले! ज्याला गुंगीचे औषध बाधते आणि ज्याचे विरजण लावता येते, ते सजीवच असणार. पुढे १८९० साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले.

आपल्याकडे गावठाणातली, पडक्या भिंतींची खारी माती शेतात नेऊन टाकण्याची चाल जुनी आहे. बिहारमधल्या अशाच जुन्या गावठाणांच्या मातीतून काढलेला सोरा कंपनी सरकारच्या काळात बंदुकीच्या दारूसाठी परदेशी जात असे. तो सोरा म्हणजे नायट्रेटच. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यातले मूत त्या मातीत मुरले आणि जिवाणूंनी त्याचा सोरा केला.

आता हे काम टप्प्याटप्प्याने कसे चालते ते पाहू. खत मातीत मिसळले आणि ओल मिळाली की कुजवणारे जिवाणू आणि बुरशा त्यावर तुटून पडतात. साखर, पिठूळ भाग, प्रथिने हे मऊ अन्न आधी संपते. काडीतला चिवट भाग मागे राहतो; तो मुख्यतः बुरशांच्या वाट्याला येतो. प्रथिने मोडली की त्यांतून अमोनिया सुटतो. मग जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे शेवटचे दोन्ही गट मोठे नाजूक. त्यांना हवा लागते, ओल लागते, ऊब लागते. शेतात पाणी तुंबले की हवा कोंडते आणि हे जिवाणू स्वस्थ बसतात. एवढेच नव्हे, दुसऱ्याच जातीचे जिवाणू पुढे सरसावतात आणि तयार नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेऊन नत्र हवेत सोडून देतात. काळ्या जमिनीत झड लागली, पाणी साचले, की चार दिवसांत कपाशी पिवळी पडते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून चर काढून पाणी वाहते करणे हीसुद्धा एका अर्थी खत देण्याचीच रीत आहे.

आता आपल्या पिवळ्या ज्वारीकडे वळू. इथे थोडा हिशेब करावा लागेल, पण तो किराणा मालाच्या हिशेबाहून अवघड नाही.

जिवाणूला आपले शरीर बांधायला दोन गोष्टी मुख्यतः लागतात, कर्ब आणि नत्र. त्यांचे प्रमाण साधारणपणे आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असे असते. आता शंभर किलो वाळलेले गव्हाचे काड घ्या. त्यात सुमारे चाळीस किलो कर्ब असतो आणि नत्र जेमतेम अर्धा किलो. त्या चाळीस किलोंपैकी दोनतृतीयांश कर्ब जिवाणू श्वासावाटे हवेत सोडून देतात आणि तेरा-चौदा किलो शरीर बांधायला वापरतात. तेवढ्या कर्बाला जोड म्हणून नत्र किती हवे? दीड किलोहून थोडे अधिकच. काडात आहे अर्धा किलो. उरलेले किलोभर कुठून आणायचे? मातीतून! पिकासाठी जे थोडेफार विरघळलेले नत्र मातीत असते ते जिवाणू आधी उचलतात. मुळापेक्षा ते चपळ असतात, संख्येने अगणित असतात, आणि पंगतीत पहिले पान त्यांचेच असते. पीक मागच्या पंगतीला. पहिल्या पंगतीलाच अन्न पुरले नाही तर मागच्यांना काय मिळणार?

अर्धेकच्चे खत, ज्यात काडी काडी ओळखू येते, ते पेरणीच्या तोंडावर टाकले की हेच होते. तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक, मातीतले नत्र जिवाणूंच्या शरीरात अडकून पडते. ते नाहीसे होत नाही. पुढे अन्न संपले की जिवाणू मरतात, कुजतात, आणि नत्र पुन्हा मोकळे होते. पण तोवर पिकाच्या वाढीचे पहिले दिवस निघून गेलेले असतात आणि ते दिवस काही परत येत नाहीत. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी शेतात जाते, ते वेगळेच.

आणि पक्क्या खतात काय होते? तिथे हीच पहिली पंगत उकिरड्यातच उठून गेलेली असते. जादा कर्ब हवेत गेला, नत्र मागे राहिले. वीस भाग कर्बाला एक भाग नत्र, किंवा त्याहूनही चांगले प्रमाण झाले की जिवाणूंची गरज भागून नत्र उरते. ते उरलेले नत्र पिकाचे. म्हणजे कुजणे हे व्हायचेच आहे. ते उकिरड्यात होऊ द्यायचे की उभ्या पिकाच्या मुळाशी, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

हिशेब कळला म्हणजे काही शिफारशींचे मर्मही कळते. उसाचे पाचट पेटवून न देता सरीत पसरा आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, असे तज्ज्ञ सांगतात. पुष्कळांना वाटते, कचऱ्यावर कसला युरिया वाया घालवायचा? पण तो कचऱ्यासाठी नसून जिवाणूंच्या शिदोरीसाठी आहे. नाहीतर ते खोडव्याच्या तोंडचे नत्र घेतील. उलट ताग किंवा धैंचा कोवळा, फुलावर येतानाच गाडला तर त्यात नत्र भरपूर असते, तो चटकन कुजतो आणि जिवाणूंचे भागून पिकालाही उरते. तोच ताग जून होऊन काष्ठ धरल्यावर गाडला, की त्याची गत काडासारखी.

हे झाले नत्राचे. स्फुरदाची कथा वेगळी आहे. जमिनीत स्फुरद असते, पण ते बांधलेले असते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला चुना धरून ठेवतो; कोकणातल्या तांबड्या, जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. खत कुजताना जिवाणू आणि बुरशा जी सेंद्रिय आम्ले सोडतात, ती ही बंधने थोडी थोडी सैल करतात. शिवाय स्फुरद मातीत फार हलत नाही. मुळाला लागून असलेले संपले की दोन-चार मिलिमीटर पलीकडचे स्फुरद पिकाला परगावचे. इथे एक बुरशी मदतीला येते. ती मुळात शिरते आणि आपले धागे बाहेर मातीत दूरवर सोडते. मुळाच्या केसाहूनही बारीक असे हे धागे स्फुरद आणून मुळाला देतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. मुळे आणि बुरशी यांच्या या भागीदारीला १८८५ साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने मायकोरायझा, म्हणजे बुरशीमूळ, असे नाव दिले. कोबी-मोहरीच्या कुळासारखी थोडी पिके सोडली तर आपली बहुतेक पिके कुठल्या ना कुठल्या बुरशीशी अशी सोयरीक जोडतात. एकूण, पीकही फुकट जेवत नाही. पानांत तयार केलेल्या साखरेचा काही वाटा ते मुळांवाटे मातीतल्या या मंडळींना देत असते.

पालाशाच्या बाबतीत मात्र जिवाणूंना फारसे श्रेय देता येणार नाही. काडात आणि मुतात ते बहुतांशी विरघळणाऱ्या रूपातच असते, आणि म्हणूनच पहिल्या पावसात उकिरड्यावरून वाहून जाते. जनावराच्या मुतात पालाश आणि नत्र दोन्ही भरपूर. आपण शेण उचलतो आणि मूत गटारात जाऊ देतो! मुतातला युरिया जिवाणू काही तासांतच मोडू लागतात, आणि त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. गोठ्यात जो वास नाकाला झोंबतो ना, तो आपल्याच नत्राचा. गोठ्यात गवतकाडी, भुसा किंवा कोरडी माती पसरावी, ती मुताने भिजली की रोज उचलून खड्ड्यात टाकावी. यात पैशाचे काम नाही. काम आहे ते रोजच्या हाताचे.

इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिचा पाया हाच होता. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी मिळून लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीत काडीकचरा, शेण, मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, आणि तीन वेळा खालीवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार. खालीवर करायचे ते जिवाणूंना हवा मिळावी म्हणून. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी हे उलथापालथ करण्याचे कष्टही वाचवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप टाकी आज अनेक गावांत दिसते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची टाकी, आणि भिंतींना ठिकठिकाणी भोके. त्या भोकांतून हवा आपोआप आत जाते. कचरा अधिक, माती भरपूर आणि शेण थोडे, असे हे मिश्रण. गोठ्यातली जनावरे कमी झाली असताना थोड्या शेणात जास्त खत करून देणारी ही रीत मोलाची आहे. पद्धत कोणतीही घ्या, जिवाणूंचे मागणे तेच: हवा हवी, पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी, आणि कर्बाबरोबर थोडे नत्र हवे.

खत तयार झाले. आता ते शेतात केव्हा न्यायचे? पुष्कळ ठिकाणी चैत्र-वैशाखात गाड्या रित्या करून छोटे छोटे ढीग शेतभर घालून ठेवतात आणि ते महिना महिना उन्हात तळत राहतात. त्यातला अमोनिया उडतो. ढीग ज्या दिवशी पसरायचे त्याच दिवशी वखर फिरवून मातीआड करायला हवेत, आणि हे पावसाच्या थोडे आधी व्हायला हवे.

पहिल्या पावसाचे महत्त्व जिवाणूंच्या दृष्टीने फार मोठे आहे. मृगाच्या सरी पडल्या की मातीचा सुगंध सुटतो. तो मुख्यतः मघाशी सांगितलेल्या ॲक्टिनोमायसीट गटाचा. उन्हाळ्यात तापून वाळलेल्या मातीत असंख्य जिवाणू मेलेले असतात. ओल मिळताच वाचलेले जिवाणू त्यांचीच शरीरे खाऊन झपाट्याने वाढतात, आणि मातीत नायट्रेटचा एकदम भर येतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली यावर तपशीलवार लिहिले, म्हणून याला बर्चचा परिणाम म्हणतात. हा भर थोड्या दिवसांचा असतो. त्या वेळी शेतात पीक उभे राहत असेल तर ते त्याच्या तोंडी लागते. नाहीतर पुढच्या मोठ्या पावसाबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. म्हणून पेरणीजोगा पाऊस झाल्यावर उशीर करू नये. अपुऱ्या ओलीवर घाई करून दुबार पेरणी ओढवून घ्यावी, असा मात्र याचा अर्थ नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढे सगळे नीट केले तर रासायनिक खत सोडून द्यायचे का? इथे भावनेपेक्षा हिशेब बरा. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. तेवढे नत्र चार टन शेणखतात असते. आणि शेणखतातले नत्र पहिल्या वर्षी साधारण तिसरा हिस्साच पिकाच्या हाती येते. उसासारख्या खादाड पिकाला नुसत्या भरखतावर पोसायचे तर तेवढे खत किती जणांच्या उकिरड्यात आहे? तेव्हा वरखताची जोड बहुतेकांना लागणारच. कडधान्याच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचे लेपन केले, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट, आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरले, तर तूर-हरभरा हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत साठवून आपली गरज बरीचशी भागवतात. तेवढाच वरखताचा भार हलका.

पण उरलेले दोन हिस्से जातात कुठे? ते मातीच्या खात्यावर जमा होतात. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग कायमचे बंद केले. शंभर वर्षांनंतरही त्या तुकड्यातल्या मातीत सेंद्रिय अंश शेजारच्या खत न मिळालेल्या तुकड्याहून अधिक होता. आपल्याकडच्या उन्हात माती एवढी दीर्घ आठवण ठेवत नाही. इथे कुजणे जलद, खर्च लवकर. म्हणून आपल्याला तर भर अधिक नेमाने घालावी लागते. ज्या मातीत सेंद्रिय अंश संपत आला तिथे वरखत घातले तरी धरून ठेवणारे कोणी उरत नाही. ओलही टिकत नाही. पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की असे शेत आधी माना टाकते.

यंदा खताची गाडी भरण्यापूर्वी एवढे करा. उकिरडा हातभर उकरून आतले मूठभर खत काढा. ते काळसर, भुसभुशीत आणि थंड असेल, त्यात काडी ओळखू येत नसेल, आणि शेणाऐवजी मातीचा वास येत असेल, तर पहिली पंगत उठली असे समजा आणि खुशाल शेतात न्या. हाताला ऊब लागली, काड्या जशाच्या तशा दिसल्या, नाकाला अमोनिया झोंबला, तर पाणी शिंपडा, खालीवर करा, वरून मातीने झाका आणि महिनाभर थांबा. पेरणी तोंडावर आली असेल तर ते खत रब्बीसाठी राखून ठेवा. त्याचे काही बिघडणार नाही. घाईने टाकलेत, तर ज्वारी मात्र पिवळी पडेल.